एका रात्रीत धरलेली मान, ताप आणि डेन्सभोवतीचं कॅल्शियम

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ७४. रात्री नेहमीसारख्या झोपल्या आणि पहाटे मान अशी धरली की उशीवरून डोकं उचलवेना. दुसऱ्या दिवशी १०१ ताप. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) १४२. मेंदूज्वराच्या शंकेने मणक्यातलं पाणी काढून तपासलं, ते स्वच्छ निघालं. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिली, पण ताप आणि दुखणं तसंच राहिलं. एमआरआयमध्ये 'वयानुरूप झीज' एवढंच, पू नाही, हाड कुरतडलेलं नाही. शेवटी सीटी झाला आणि अहवालाच्या तळाशी एक ओळ आली: 'डेन्सभोवती कॅल्सिफिकेशन'. मुलगा विचारतो, हे आहे काय? टीबी किंवा कॅन्सर तर नाही ना? आणि आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही लिहिलेली हकीकत क्राउन्ड डेन्स सिंड्रोमची आहे. मानेच्या अगदी वरच्या सांध्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साचतात आणि एखाद्या दिवशी त्यांच्यावरून तिथे जोराची सूज पेटते. त्याला जंतूंची गरज लागत नाही, म्हणून अँटिबायोटिकने फरक पडला नाही. आजार घाबरवणारा दिसतो, पण योग्य औषधाने बहुतेकांची मान दोन-चार दिवसांत सुटायला लागते. मात्र 'सीटीत कॅल्शियम दिसलं, झालं निदान' असंही नाही. या आजारात डॉक्टर दोन प्रकारे चुकतात. आधी तो सुचत नाही म्हणून, आणि एकदा सुचला की सगळीकडे तोच दिसायला लागतो म्हणून. दोन्ही चुका माझ्या हातून झाल्या आहेत, पुढे सांगतो.

जागा समजून घेतली तर बाकीचं आपोआप समजतं. मानेत सात मणके. सर्वांत वरचा, अॅटलस, म्हणजे एक कडं. त्यावर कवटी टेकलेली. दुसरा अॅक्सिस. त्याच्या अंगातून एक हाडाचा खुंट सरळ वर उभा राहतो आणि अॅटलसच्या कड्यात शिरतो. तो खुंट म्हणजे डेन्स. लॅटिनमध्ये डेन्स म्हणजे दात. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी तसं डोक्यासकट अॅटलस या खुंटाभोवती फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातली जवळपास निम्मी हालचाल या एकाच जोडात होते. खुंट मागे सरकून मज्जारज्जूवर आदळू नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक जाड आडवा बंध गेलेला असतो. स्फटिक मुख्यतः याच बंधात आणि आजूबाजूच्या अस्तरात साचतात. खुंटाच्या माथ्याभोवती आणि बाजूंना ते पांढरे दिसतात, डोक्यावर मुकुट ठेवावा तसे. १९८५ साली बूव्हे आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी हे वर्णन केलं, आणि नाव त्यावरूनच पडलं.

स्फटिक तेच, जे म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यात आणि मनगटात सापडतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की गाऊटसारखा (युरिक आम्लाच्या स्फटिकांनी सांधा सुजतो तो आजार) झटका आलेल्या काही रुग्णांत युरिक आम्लाच्या सुया नाहीतच. आखूड, चौकटीसारखे दुसरेच स्फटिक आहेत. त्या झटक्याला स्यूडोगाऊट म्हणू लागले. मानेतला हा प्रकार म्हणजे खुंटाभोवतीचा स्यूडोगाऊट. फरक इतकाच की गुडघ्यात सुई घालून पाणी काढता येतं. इथे मज्जारज्जूला लागून असलेल्या जागेत सुई घालायला कोणी धजावत नाही. म्हणून मानेचं निदान नेहमी आडवाटेने, पुरावे जुळवून करावं लागतं.

स्फटिक होतात कशामुळे? कूर्चेच्या पेशी ऊर्जेचे रेणू फोडतात तेव्हा पायरोफॉस्फेट तयार होतं. ते मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं, अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि त्याला काम करायला मॅग्नेशियम लागतं. वय वाढलं, कूर्चा झिजली की हा हिशेब बिघडतो आणि उरलेलं पायरोफॉस्फेट जागच्या कॅल्शियमला धरून बसतं. वर्षानुवर्षं हे स्फटिक गुपचूप पडून राहतात. मग काहीतरी निमित्त होतं: एखादी शस्त्रक्रिया, न्यूमोनिया, पडणं, पाणी कमी पडणं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस बदलणं. स्फटिक सुटे होतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि पेशींच्या आतली धोक्याची घंटा वाजते. तिथून इंटरल्युकिन-१ नावाचा पदार्थ सुटतो. ताप, चढलेला सीआरपी, ठणका, सगळं त्याचं काम. शरीराच्या दृष्टीने पू झाल्यासारखीच ही धावपळ असते, म्हणून रक्ताच्या तपासण्या पाहून स्फटिक आणि जंतू यांत फरक करणं अवघड जातं. सीआरपी १०० च्या वर गेला म्हणजे जंतुसंसर्गच, हा समज इथे साफ फसवतो. जाता जाता: काही लॅब हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. १४२ आणि १४.२ हे एकच असू शकतात. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून 'सीआरपी एका दिवसात दहापट उतरला' म्हणून आनंदलेले नातेवाईक मी पाहिले आहेत, म्हणून सांगितलं.

आता तपासणी. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. मान धरलेल्या आणि ताप असलेल्या रुग्णाला आपण सवयीने हनुवटी छातीला लावायला सांगतो. ते जमलं नाही की 'मान ताठ आहे' असं लिहितो आणि मेंदूज्वराच्या वाटेला लागतो. ते बरोबरच आहे, ती शंका आधी घ्यायलाच हवी. पण त्याच वेळी रुग्णाला हळूच, स्वतःच्या ताकदीने, डावीकडे आणि उजवीकडे पाहायला सांगा. मेंदूच्या आवरणाला सूज असते तेव्हा पुढे वाकणं नको होतं. बाजूला वळणं त्या मानाने बरंच शिल्लक राहतं. क्राउन्ड डेन्समध्ये उलट चित्र असतं: मान दोन्ही बाजूंना जवळजवळ वळतच नाही. हाक मारली की रुग्ण मान न वळवता खांद्यासकट अख्खा वळतो. दुखणं कुठे ते विचारलं तर हात मानेच्या मध्यावर जात नाही. कवटीच्या खाली, केस संपतात तिथे जातो. तुम्ही लिहिलं आहे की आई 'बाहुलीसारख्या सगळ्या वळतात'. निदानाकडे बोट दाखवणारं तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य माझ्या लेखी ते होतं, सीटीची ओळ नंतरची. अर्थात ही खूण शंभर टक्के नाही, आणि तिच्या भरवशावर मणक्यातलं पाणी काढणं टाळू नये. तुमच्या डॉक्टरांनी ते काढलं याबद्दल मनात किल्मिष ठेवू नका. तापाने फणफणलेल्या, मान ताठ झालेल्या ७४ वर्षांच्या बाईंना मी असतो तर मीही काढलं असतं.

वेळेचा हिशेबही विचारावा. झिजेचं दुखणं महिन्यामहिन्यांनी वाढतं. टीबी आठवड्यांनी सरकतो, वजन उतरतं, रात्री घाम येतो. स्फटिकांचा झटका काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत शिखराला पोचतो. 'रात्री बरी होते, पहाटे मान गेली' हे वाक्य आलं की मी पुढचे प्रश्न विचारतो: पूर्वी कधी गुडघा किंवा मनगट अचानक सुजून आपोआप उतरलं होतं का? अलीकडे एखादं ऑपरेशन, ताप, दवाखान्यात दाखल होणं? बरेचदा उत्तर असतं, 'हो, दोन वर्षांपूर्वी मनगट सुजलं होतं, मुरगळलं असेल म्हणून पट्टा बांधला.' ते मुरगळणं नसावं.

चित्रांबद्दल लोकांचा एक समज असतो की एमआरआय महाग आणि नवा, म्हणजे सीटीपेक्षा सरस. इथे तसं नाही. एमआरआयला कॅल्शियम नीट दिसत नाही. पू, हाडाचा जंतुसंसर्ग, मज्जारज्जूवरचा दाब हे पाहायला तोच लागतो, पण खुंटाभोवतीचे बारीक पांढरे ठिपके त्यातून निसटतात. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. साधा एक्स-रे, तोंड उघडं ठेवून काढलेला असला तरी, बरेचदा काही दाखवत नाही. लागतो तो सीटी, पातळ कापांचा, म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, कवटीच्या तळापासून, आणि हाडाच्या विंडोमध्ये (हाड नीट दिसेल अशा मांडणीत) पाहिलेला. आडव्या कापात खुंटाच्या मागे, आडव्या बंधात, दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या तर ते जवळजवळ स्वाक्षरी केल्यासारखं असतं. हे कॅल्शियम हाडाच्या कवचापेक्षा फिकट असतं. खुंटाच्या माथ्याशी आणि बाजूच्या बंधांतही ते सापडतं.

तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. 'मानदुखी' एवढंच लिहिलं तर रेडिओलॉजिस्टची नजर चौथ्या ते सातव्या मणक्यांवर जाते, कारण शंभरातल्या बहुतेक मानदुख्या तिथल्याच. 'ताप, मान वळत नाही, पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या जोडात, डेन्सभोवती कॅल्शियम आहे का' असं लिहिलं की तोच माणूस तेच चित्र वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. आणखी एक युक्ती, फुकटची: अशा रुग्णाच्या मेंदूचा सीटी बहुतेकदा पहिल्याच दिवशी झालेला असतो. त्याचे सर्वांत खालचे काप उघडा, हाडाच्या विंडोत बघा. खुंटाचा माथा पुष्कळदा त्यात आलेला असतो. 'मेंदू नॉर्मल' लिहून बाजूला ठेवलेल्या फिल्मच्या कडेला मला हे निदान एकापेक्षा जास्त वेळा सापडलं आहे.

गुडघ्यांचे आणि मनगटांचे एक्स-रे मात्र जरूर काढा. गुडघ्याच्या गादीत किंवा मनगटाच्या करंगळीकडच्या कूर्चेत कॅल्शियमची बारीक रेघ दिसली तर शरीरात हा स्फटिकांचा कारभार चालू आहे याला दुजोरा मिळतो. आणि योगायोगाने त्याच वेळी गुडघा सुजलेला असेल तर त्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मानेत जी सुई घालता येत नाही ती गुडघ्यात येते, आणि त्याच पाण्यात जंतू वाढतात का हेही कळतं.

आता माझ्या चुका.

पहिली पुष्कळ जुनी. सत्तरीच्या एक बाई, खांदे आणि मान दुखते, सकाळी अंग आखडतं, ईएसआर (हीसुद्धा सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) चढलेला. मी पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका (उतारवयात खांदे आणि कंबर आखडवणारा सुजेचा आजार) म्हटलं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १५ मिलिग्रॅम सुरू केलं, तीन दिवसांत बाई हसत परत आल्या. निदान पक्कं झालं असं मी मानलं आणि वर्षभर स्टेरॉइड हळूहळू उतरवत राहिलो. साखर वाढली, हाडं आणखी ठिसूळ झाली. पुढे दुसऱ्या झटक्याच्या वेळी सीटी पाहिला तेव्हा खुंटाभोवती मुकुट लख्ख. त्यांना वर्षभराच्या स्टेरॉइडची गरज नव्हती, आठवड्याभराची होती. स्टेरॉइडने बरं वाटलं यावरून कुठला आजार होता ते सिद्ध होत नाही, कारण पॉलिमायल्जियाही त्याने उतरतो आणि स्फटिकांची सूजही. खुणा पुन्हा आठवून पाहिल्या तर त्यांना खांदे वर उचलता येत होते. अडकत होतं ते मान वळवणं. मी विचारलं होतं, पण वळवून पाहिलं नव्हतं.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट, आणि जास्त धोक्याची. तोवर हा आजार मला चांगला ओळखीचा झाला होता, किंबहुना आवडता झाला होता. डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ, ताप, मान धरलेली, सीआरपी दोनशेच्या वर, सीटीत डेन्सभोवती कॅल्शियम. मी लगेच नाव ठेवून मोकळा झालो. अशी सूज उतरवणारं कोल्चिसिन हे औषध त्यांच्या किडनीमुळे देता येत नव्हतं, म्हणून स्टेरॉइड दिलं. एक दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, आणि पाय जड पडायला लागले. एमआरआय केला तर पाचव्या-सहाव्या मणक्यांमधल्या गादीत जंतुसंसर्ग आणि मज्जारज्जूच्या शेजारी पू. रक्तातही जंतू वाढले. ऑपरेशन वेळेत झालं, ते चालत घरी गेले, पण ते माझ्या शहाणपणामुळे नाही. खुंटाभोवतीचं कॅल्शियम त्यांच्याकडे होतंच, कदाचित कित्येक वर्षांपासून. वय वाढेल तसं ते कुठलाही त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांत सापडतं. दुखण्याचा मालक मात्र दुसरा होता.

म्हणून आता माझी शिस्त अशी. दुखणं वरच्या मानेत आहे, मान वळेनाशी झाली आहे, सुरुवात झटक्यात झाली आहे आणि कॅल्शियम त्याच जागी आहे, या चार गोष्टी एकमेकींना धरून असतील तरच नाव द्यायचं. स्टेरॉइडच्या आधी रक्ताची कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) पाठवायची. डायलिसिस, शिरेत राहिलेली नळी, नुकताच झालेला जंतुसंसर्ग, कमी झालेली प्रतिकारशक्ती, यातलं काही असेल तर एमआरआय आधी, औषध नंतर. २०२३ साली अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या स्फटिकांच्या आजाराचे निकष ठरवले. त्यात क्राउन्ड डेन्स सिंड्रोम एकट्यानेही पुरेसा मानला आहे, पण तिथेही लक्षणं आणि चित्र दोन्ही लागतात, आणि मेंदूज्वर, पॉलिमायल्जिया यांसारखे सोंग घेणारे आजार आधी बाजूला सारायला सांगितले आहेत.

तुमच्या आईंच्या बाबतीत मणक्यातलं पाणी स्वच्छ आहे, एमआरआयमध्ये पू नाही, हाड शाबूत आहे. टीबी आणि कॅन्सर हाड खातात, गादीला किंवा आजूबाजूला गोळा करतात. तसं काही अहवालात नाही, आणि एका रात्रीत अशी सुरुवातही ते सहसा करत नाहीत. रक्ताच्या कल्चरचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. झाली नसतील तर आधी ती पाठवायला सांगा. एक गोष्ट मी वेगळी विचारेन: कानशिलं दुखतात का, चावताना जबडा भरून येतो का, नजर क्षणभर जाऊन येते का? यातलं काही असेल तर जायंट सेल आर्टरायटिसचा (डोक्याकडच्या रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार) विचार तातडीने करावा लागतो, कारण त्यात डोळा जाऊ शकतो आणि तिथे स्टेरॉइडचा डोसही वेगळा, मोठा असतो. आणि पडल्याचा इतिहास, अगदी न्हाणीघरात घसरून बसल्याचासुद्धा. म्हाताऱ्या हाडांत डेन्सला चीर जायला मोठा अपघात लागत नाही. सीटी झालाच आहे, तर ती शंका त्यातच फिटते.

याच शेजारचा एक भाऊबंद सांगून ठेवतो, कारण तो तरुणांत दिसतो आणि कॅल्शियमच्या उल्लेखाने दोघांची गल्लत होते. मानेच्या कण्याच्या पुढच्या अंगाला लाँगस कोलाय नावाचा स्नायू असतो. त्याच्या वरच्या कंडरेत हायड्रॉक्सिअॅपेटाइट नावाचं वेगळं कॅल्शियम साचतं आणि एक दिवस फुटून सूज आणतं. १९६४ साली हार्टली यांनी हे प्रथम लिहिलं. रुग्ण बहुधा तिशी ते साठीतला, मान धरलेली, आणि खास तक्रार अशी की गिळताना दुखतं. सीटीत कॅल्शियम खुंटाच्या मागे नसून पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पुढे दिसतं आणि घशामागच्या जागेत पाण्याचा पातळ थर असतो. तो थर पाहून घशामागे पू झाला असं वाटतं आणि रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ शकतो. पू असेल तर त्याभोवती कडा उजळलेली दिसते आणि गाठी सुजलेल्या असतात. इथे तसं नसतं. वेदनाशामक सूज-उतरवी गोळी आणि विश्रांती यांवर एक-दोन आठवड्यांत ते ओसरतं. तुमच्या आईंना गिळायला त्रास नाही, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.

उपचार. स्फटिक विरघळवणारं औषध आज आपल्याकडे नाही. गाऊटमध्ये युरिक आम्ल उतरवून स्फटिक पुसता येतात, तसा मार्ग इथे नाही. आपण पेटलेली सूज विझवतो, एवढंच, आणि तेवढं बहुधा पुरतं. हत्यारं तीन.

आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेनच्या घराण्यातली सूज उतरवणारी गोळी किडनी चांगली असलेल्या, पोटात अल्सर नसलेल्या, रक्त पातळ करणारी औषधं न घेणाऱ्या माणसाला उत्तम लागू पडते. पण असा ७४ वर्षांचा माणूस किती वेळा भेटतो? दिली तरी थोडे दिवस, आणि पोटाचं संरक्षण देऊन.

कोल्चिसिन जुनं आणि नेमकं औषध आहे. जुन्या काळी ते जुलाब लागेपर्यंत तासातासाने देत. ती पद्धत कायमची विसरा. आता ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी किंवा नाहीच. आणि ही गोष्ट डॉक्टरांसाठीही लिहितो: रुग्णाला त्याच वेळी छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर कोल्चिसिन देऊ नका. ते शरीरात साचतं आणि विषासारखं वागतं. रक्तदाबासाठीच्या व्हेरापामिल, डिल्टियाझेमबरोबरही जपावं लागतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या चालू असतील तर स्नायू दुखू लागले, शक्ती गेली असं वाटलं की लगेच कळवायला सांगावं.

तिसरं प्रेडनिसोलोन, थोड्या दिवसांसाठी. वयस्कर, किडनी अर्धवट असलेल्या रुग्णांत मी बहुधा याच्याकडे वळतो, जंतुसंसर्गाची शंका फिटल्यावर. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्या रुग्णांवर कोल्चिसिन आणि प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) यांची समोरासमोर चाचणी झाली, २०२३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोन दोन दिवस, दुसऱ्याला पहिल्या दिवशी १.५ आणि दुसऱ्या दिवशी १ मिलिग्रॅम कोल्चिसिन. २४ तासांनी वेदना दोघांतही सारख्याच उतरल्या. कोल्चिसिनवाल्यांना जुलाब जास्त झाले. स्टेरॉइडवाल्यांचा रक्तदाब आणि साखर जास्त वर गेली. ती चाचणी सांध्यांच्या झटक्यांवर होती, मानेसाठी वेगळी नव्हती, पण स्फटिक तेच, म्हणून मी तिचा आधार घेतो. मानेला मात्र दोन दिवस पुरत नाहीत असा माझा अनुभव. ओसरायला लागली की पाच-सात-दहा दिवसांत डोस उतरवून बंद करायचा. आईंना मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा स्टेरॉइडचे दिवस घरी रोज साखर मोजा आणि इन्सुलिन किंवा गोळ्या तात्पुरत्या वाढवाव्या लागतील याची मनाची तयारी ठेवा.

मी पाहतो ते असं: पहिल्या रात्री झोप लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप जातो, मान दोन बोटं वळायला लागते. सीआरपी त्याच्या मागून उतरतो, पूर्ण खाली यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तीन दिवसांत काहीच हललं नाही तर मी डोस वाढवत बसत नाही, निदान पुन्हा तपासतो. ते डायलिसिसचे गृहस्थ मला अजून आठवतात. सगळं तपासूनही निदान तेच ठरलं आणि तिन्ही औषधं चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर अॅनाकिन्रासारखं इंटरल्युकिन-१ अडवणारं इंजेक्शन असतं. ते संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली, क्वचितच लागतं.

मऊ पट्टा चार-पाच दिवस, उठताना आणि प्रवासात. त्याहून जास्त दिवस लावला तर स्नायू आळसावतात. शेक घ्यायचा की बर्फ, ज्याने बरं वाटेल ते. पण मान मोडून घेणं, झटका देऊन 'शीर मोकळी' करणं, मालिशवाल्याकडून कडकड आवाज काढून घेणं, हे अजिबात नाही. खुंटामागचा तो आडवा बंध सुजलेला आहे आणि त्याच्या पलीकडे मज्जारज्जू आहे. व्यायाम ताप जाऊन दुखणं ओसरल्यावर, आणि सुरुवात स्वतःहून, दुखणार नाही इतक्याच वळणाने.

काही लक्षणं दिसली तर औषध चालू आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हातातून वस्तू पडायला लागणं, बटणं लावता न येणं, चालताना पाय लटपटणं, लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेसारखी कळ जाणं. गुंगी, बरळणं, अंगावर जांभळे डाग, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. काही रुग्णांत वर्षानुवर्षांच्या साचण्याने खुंटामागे गाठीसारखा लगदा तयार होतो आणि तो मज्जारज्जूला दाबतो. ती गाठ कॅन्सरची नसते, पण दाब खरा असतो. तुमच्या एमआरआयमध्ये तसा उल्लेख नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि नाव ऐकून तो येणं स्वाभाविक आहे. या स्फटिकांतलं कॅल्शियम गोळीतून जाऊन साचलेलं नसतं. बिघाड पायरोफॉस्फेटचा आहे, जागच्या जागी तयार होणाऱ्या. हाडांसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर या कारणाने त्या बंद करू नका, आणि दूध-दही तर मुळीच नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र एकदा मोजा. ते वाढलेलं असेल तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीकडे पाहावं लागतं. मॅग्नेशियमही मोजा, विशेषतः आई लघवीची गोळी घेत असतील किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर, कारण दोन्हींनी ते उतरू शकतं. हाच आजार साठीच्या आतल्या माणसाला झाला असता तर मी यादी लांबवली असती: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, कारण शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार अशा स्फटिकांतून पहिल्यांदा उघड होऊ शकतो, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, जे फार कमी असेल तर तेही एक कारण असतं. ७४ व्या वर्षी बहुतेकदा कारण वय हेच निघतं.

पुन्हा होईल का? होऊ शकतं, काहींना होतं, मानेत नाही तर गुडघ्यात किंवा मनगटात. वर्षातून दोन-तीन झटके येऊ लागले तर कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम रोज एकदा, किडनीकडे पाहून, काही महिने देता येतं. एकाच झटक्यानंतर मी ते सुरू करत नाही.

आता एक काम तुमच्यावर. आईंच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: क्राउन्ड डेन्स सिंड्रोम, सीटीची तारीख, कोणत्या औषधाने किती दिवसांत उतरलं. खाली मधुमेह आणि किडनीचा शेवटचा आकडा. सीटीची सीडी तिथेच लावा. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता अपघात विभागात जो तरुण डॉक्टर भेटेल त्याने हा आजार पाहिलेला असेलच असं नाही. आणि त्या पानाखाली आणखी एक ओळ घाला, की ताप असेल तर आधी कल्चर पाठवा, मग स्टेरॉइड.